स्वस्त आहे, पण आहे का?

18 मार्च 2024 रोजी केंद्र सरकारच्या क्षयरोग विभागाने सगळ्या राज्यांना एक पत्र पाठवलं. काही अनपेक्षित कारणांमुळे क्षयाच्या औषधांचा पुरवठा लांबणार आहे, तेव्हा तीन महिने पुरतील एवढी औषधं राज्यांनी आपापल्या पातळीवर खरेदी करावीत, असा त्याचा आशय होता. क्षयाचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन, आणि गोळी रोज. मध्ये खंड पडला तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात, मग उपचार लांबतो, महाग होतो आणि शरीराला जास्त सोसावं लागतं. रुग्णाला हे बजावून सांगणारी आणि गोळ्या फुकट देणारी यंत्रणा एकच आहे, आणि त्या उन्हाळ्यात कित्येक ठिकाणी गोळ्या तिच्याकडेच नव्हत्या.

सरकारी सवलतीच्या औषधांबद्दल आपण बोलतो ते किमतीवर. किती टक्के स्वस्त, किती दुकानं उघडली, कोणी उद्घाटन केलं. मला त्याआधी दुसरा प्रश्न विचारावासा वाटतो: आज, या दुकानात, या माणसाची गोळी आहे का?

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात या प्रश्नावर दोन वेगळे सूर ऐकू येतात. ते मी इथे दोन माणसांच्या तोंडी घातले आहेत. नाना एच. ए. कंपनीतून, म्हणजे पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समधून, निवृत्त झालेले. बी.पी. आणि शुगर दोन्ही सोबतीला. ताई फार्मासिस्ट, जनऔषधी केंद्र, म्हणजे सरकारी योजनेतलं स्वस्त जेनेरिक औषधांचं दुकान, चालवतात. दुपारी दोनच्या सुमाराला दुकानात गर्दी नसते, तेव्हा बोलणं निघतं.

नाना: ताई, माझी ती दुसरी गोळी आली का?

ताई: ती नाही आली, नाना. खरं सांगायचं तर मीच कमी मागवली होती. ती गोळी घेणारे महिन्याला तीन-चार जण. जास्त आणून ठेवली आणि खपली नाही, तर एक्स्पायरी माझ्या गळ्यात. आजच्यापुरती बाजूच्या मेडिकलमधून एक पट्टी घ्या, पण खंड पाडू नका.

नाना: घेतो. पण मग सरकारचं दुकान आणि बाजारचं दुकान यात फरक काय राहिला? दोघंही खपतं तेच ठेवणार.

ताई: पाटी सरकारची असली तरी दुकान माझं आहे. भाडं माझं, लाईट बिल माझं, मुलगी कामाला ठेवलीय तिचा पगार माझा. मला विक्रीवर वीस टक्के मिळतात. ऐकायला बरे वाटतात. पण इथलं बिल होतं साठ-सत्तर रुपयांचं, त्यात मला सुटतात बारा-चौदा रुपये. ब्रँडेड मेडिकलवाल्याचं बिल सहाशेचं होतं. गोळी जितकी स्वस्त, तितका माझा वाटा लहान.

नाना: म्हणजे गरिबाचं औषध ठेवणाऱ्याने तोटा सोसायचा.

ताई: सरकारच्याही ते ध्यानात आलं. सप्टेंबर 2024 पासून नियम आहे, ठरवून दिलेली दोनशे औषधं दुकानात ठेवली तर प्रोत्साहनाची रक्कम मिळते. चांगला नियम आहे. मुळात पहिलं केंद्र अमृतसरला 2008 साली निघालं, आणि साठा ठेवण्याचा असा हिशेब लागू व्हायला इतकी वर्षं गेली. 2014 ला देशभरात ऐंशीच केंद्रं होती, जानेवारी 2025 मध्ये पंधरा हजार झाली. दुकानं वाढवणं सोपं गेलं, दुकानं भरलेली ठेवणं अवघड.

इथे मी ताईंच्या बाजूने एक भर घालतो. माल आला म्हणजे काम झालं असं नसतं, आपल्याकडे कोणतं औषध किती लागेल हे दुकानदाराला आधी कळलं पाहिजे. ते कळतं डॉक्टरच्या चिठ्ठीवरून. चिठ्ठीवर ब्रँडचं नाव असेल तर फार्मासिस्टला ते बदलून जेनेरिक देता येत नाही, कायद्याने तशी मुभा नाही. 2 ऑगस्ट 2023 ला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने डॉक्टरांना जेनेरिक नावानेच औषध लिहायला सांगणारे नियम काढले. डॉक्टरांच्या संघटनांनी दर्जाचा मुद्दा काढून विरोध केला आणि तीनच आठवड्यांत ते नियम स्थगित झाले. दर्जाची शंका सरसकट खोटी म्हणता येणार नाही, म्हणूनच जनऔषधीत येणारी प्रत्येक बॅच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घेण्याची पद्धत आहे. पण त्या स्थगितीमुळे मागणीचा अंदाज पुन्हा अंधारात राहिला, आणि अंदाज नसलेला दुकानदार कमीच मागवणार.

नाना: तुम्ही दुकानाचं सांगताय. मी कारखान्याचं सांगतो. 1954 साली एच. ए. उभी राहिली तेव्हा पिंपरीत काय होतं? शेतं आणि माळ. एमआयडीसी यायला अजून आठ वर्षं होती. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफची मदत घेऊन सरकारने इथे पेनिसिलिन काढलं, 1955 ला. सरकारी मालकीची देशातली पहिली औषध कंपनी. का काढली? बाहेरून आणलं तर जहाज येईल तेव्हा औषध येणार, आणि तेही परवडणार नाही. आमच्या टाक्यांमध्ये एक परका जंतू शिरला तर अख्खी बॅच वाया जायची, म्हणून रात्रपाळीलाही डोळ्यात तेल घालून बसायचो. तो साठा देशाचा होता. आज पेनिसिलिन-जी साठी आपण चीनकडे बघत बसलो. त्यांनी भाव पाडले, आपले कारखाने बंद झाले.

ताई: आणि आता काकीनाड्याला परत सुरू झालं ना, 2024 मध्ये. सरकारच्या प्रोत्साहन योजनेतून, पण खासगी कंपनीने.

नाना: तेच म्हणतो मी. जे होतं ते मोडायचं आणि मग दुसऱ्याला पैसे देऊन परत उभं करायचं.

ताई: नाना, रागावू नका, पण तुमच्या कंपनीला सरकारने वाऱ्यावर सोडलं असंही नाही. 1997 ला कंपनी आजारी ठरली, त्यानंतर पुनरुज्जीवनाची पॅकेजं आली. 2013 च्या खरेदी धोरणात 103 औषधं सरकारी कंपन्यांसाठी राखून ठेवली, सरकारी खात्यांनी ती त्यांच्याकडूनच घ्यायची. तरीही कामगारांचे पगार महिनोन्‌महिने थकले. तुम्हीच सांगता की शेजारच्या क्वार्टरमधल्या माणसाने किराणा उधारीवर चालवला. डिसेंबर 2016 मध्ये मंत्रिमंडळाने जमीन विकून देणी भागवायची आणि कंपनी विकायची असं ठरवलं. कारखाना सरकारचा असला म्हणजे गोळी वेळेवर येते, हे मला पटत नाही.

नाना: पगार थकला हा कारखान्याचा दोष की मालकाचा?

ताई: मालक तर सरकारच होतं.

नाना काही क्षण गप्प बसतात. पिंपरीच्या जुन्या कामगाराला हे उत्तर झोंबणारच. पण त्यांच्याकडे दुसरा मुद्दा आहे, आणि तो मला जास्त वजनदार वाटतो.

नाना: बरं, खरेदीचंच बोलू. हाफकिन संस्था कशासाठी होती? प्लेगच्या साथीत मुंबईत लस तयार झाली, तिथून ती परंपरा. इथे पिंपरीत हाफकिनचे घोडे होते, सापाच्या विषावरचं औषध त्यांच्या रक्तातून निघायचं. अशा संस्थेला 2017 साली काय काम दिलं? राज्यातल्या सगळ्या सरकारी दवाखान्यांसाठी टेंडर काढण्याचं. लस बनवणाऱ्याला खरेदीच्या टेबलावर बसवलं. मग औषधं येईनात म्हणून बोंब झाली तर नवल काय?

ताई: यावर तुमचं-माझं एकमत आहे. म्हणून तर 2023 मध्ये कायदा करून महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण वेगळं काढलं. तमिळनाडूचं बघून.

नाना: तमिळनाडूत काय सोनं लागलंय?

ताई: सोनं नाही, पासबुक लागलंय.

ताईंचं हे सांगणं मी थोडं विस्ताराने देतो, कारण या साऱ्या वादातली सर्वांत कामाची गोष्ट इथे आहे. तमिळनाडूने 1994 साली औषध खरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ स्थापन केलं. जिल्ह्याजिल्ह्यात त्याची गोदामं आहेत आणि तिथे काही महिन्यांचा साठा कायम असतो. प्रत्येक सरकारी दवाखान्याला एक पासबुक मिळतं, बँकेसारखं. वर्षात किती रुपयांची औषधं उचलता येतील ते त्यावर लिहिलेलं. दवाखाना आपल्या गरजेप्रमाणे गोदामातून उचलतो, पासबुकात नोंद होते, शिल्लक कमी होते. काय लागतं हे मुंबईत किंवा चेन्नईत बसलेला अधिकारी ठरवत नाही, गोळी वाटणारा ठरवतो. मालाचे नमुने कंपनीचं नाव झाकून प्रयोगशाळेत जातात, त्यामुळे कुणाचा माल आहे हे तपासणाऱ्यालाही कळत नाही. आणि माल पास झाला की पुरवठादाराचे पैसे रखडत नाहीत. राजस्थानने हाच धडा गिरवून 2 ऑक्टोबर 2011 ला मोफत औषध योजना सुरू केली.

पुरवठादाराला पैसे वेळेवर मिळतात हे वाक्य बारीक वाटतं, पण सगळं त्यावर उभं आहे. ज्या खात्याची बिलं वर्षवर्ष अडकतात त्या खात्याला चांगली कंपनी माल देत नाही. देते ती दोन गोष्टी करते, उशीर झाल्याची किंमत आधीच दरात लावते किंवा सगळ्यात शेवटी पाठवते.

नाना: पासबुक चांगलं आहे, मान्य. पण ताई, टेंडर निघालं आणि कुणी भरलंच नाही तर? जुनी औषधं, पंचवीस-पंचवीस पैशांची गोळी. तिच्यात कंपनीला काय सुटतं? सगळ्यात कमी दराला ऑर्डर द्यायची म्हणून भाव इतका खाली नेता की एकदोनच बनवणारे उरतात. त्यातल्या एकाचा प्लांट बंद पडला की सगळा देश थांबतो. क्षयाच्या गोळ्यांचं बघा. वरून पत्र आलं, तुम्ही स्थानिक पातळीवर घ्या. स्थानिक म्हणजे कुठून? जिल्ह्याने तीन महिन्यांची ऑर्डर काढली म्हणून कुणी त्यांच्यासाठी मशीन लावत नाही. बाजारात जे औषध मुळात खपतच नाही, कारण ते सरकार फुकट देतं, ते मेडिकलच्या फळीवर मिळणार कसं?

ताई: हे मात्र खरं आहे.

नाना: मग अशा पंधरा-वीस औषधांसाठी तरी सरकारचा स्वतःचा कारखाना नको? नफ्यासाठी नव्हे. बाकीचे थांबले तर आपलं चालू राहावं म्हणून.

ताई: तो कारखाना रोज चालला पाहिजे, नाना. अडचणीच्या दिवशी कुलूप काढून पेनिसिलिन निघत नाही. आणि रोज चालवायचा तर त्याचा माल रोज कुणीतरी घेतला पाहिजे, वेळेवर पैसे देऊन. म्हणजे आपण परत खरेदीवर आलो.

मी या ठिकाणी ताईंकडे झुकतो, पण पूर्ण नाही. ज्या औषधांचा एकमेव मोठा गिऱ्हाईक सरकार आहे, ती केवळ सगळ्यात कमी दरावर घेणं हा शहाणपणा नाही. ऑर्डर दोन-तीन उत्पादकांत वाटून द्यावी, त्यासाठी दर थोडा जास्त पडला तरी द्यावा, आणि त्यातला एक वाटा सरकारी कारखान्याचा असावा. एच. ए.मध्ये आजही इंजेक्शनं, गोळ्या, कॅप्सूल तयार होतात. ती क्षमता जमिनीच्या भावात मोजून मोडीत काढू नये, इतकं नानांचं म्हणणं मला रास्त वाटतं.

बोलणं मग चाकणकडे वळतं, कारण नानांचा नातू तिकडे कंत्राटावर आहे.

नाना: पोराचा पगार अठरा हजार. एकवीस हजारांच्या आत आहे म्हणून ईएसआय, म्हणजे कामगार विम्याचे पैसे, कापतात. महिन्याला एकशे पस्तीस रुपये त्याचे.

ताई: पाऊण टक्का. आणि मालकाचे सव्वातीन टक्के, म्हणजे पाचशे पंचाऐंशी. दोन्ही मिळून सातशे वीस.

नाना: महिन्याला सातशे वीस! वर्षाला आठ हजार सहाशे चाळीस. त्याला फुकटचं औषध कोण म्हणतं? ते त्याने आधीच विकत घेतलंय. तरी रांगेत उभा राहतो तो उपकार घ्यायला आल्यासारखा.

ताई: त्याला औषध कशाचं लागतं?

नाना: शुगर निघाली, एकतिसाव्या वर्षी. रोज दोन गोळ्या. दवाखान्यातून पंधरा दिवसांच्या मिळतात. घ्यायला जायचं तर पहिल्या पाळीच्या दिवशी जमत नाही, जनरलला जमत नाही. नाशिक रस्त्यावरचं ट्रॅफिक तुम्हाला माहीतच आहे. म्हणजे खाडा. एक खाडा पडला की त्या दिवसाची हजेरी गेली, महिन्याचा हजेरी बोनस गेला, आणि ठेकेदार नाव लक्षात ठेवतो. त्यातून गेला आणि खिडकीवर म्हणाले, आज नाही, सोमवारी या. तुम्हीच सांगा, तो सोमवारी परत जाईल?

ताई: नाही जाणार. गोळी सोडून देईल. तब्येत बरी वाटते तोवर सोडूनच देतात.

नाना: तेच केलंय त्याने.

खेड तालुक्यातल्या महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, कुरुळीत भाड्याच्या खोल्यांतून राहणाऱ्या हजारो कामगारांना हा हिशेब तोंडपाठ आहे. मोटारी बनवणारे इथले कारखाने सुटे भाग पाळीप्रमाणे, तासाच्या हिशेबाने मागवतात, एक ट्रक उशिरा आला तर लाइन थांबते म्हणून पुरवठादाराला दंड होतो. त्याच लाइनवर उभ्या असलेल्या माणसाच्या गोळीला मात्र असा हिशेब कुणी लावलेला नाही.

ताई: यावर एक सोपा उपाय आहे. ज्यांचं बी.पी., शुगर, थायरॉईड नियमित आहे, त्यांना तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्याव्यात. वर्षातून चार खेपा. खाडे वाचतात, खिडकीवरची गर्दी कमी होते, आणि पुढच्या तीन महिन्यांत किती लागणार हे स्टोअरलाही आधी कळतं.

नाना: आणि लोकांनी विकल्या तर? हरवल्या तर?

ताई: मेटफॉर्मिन विकून कोण श्रीमंत होणार, नाना? एखादा टक्का वाया जाईल. आज किती माणसं वाया जाताहेत ते बघा ना.

मला वाटतं या उपायाला वेगळा पैसाही फारसा लागत नाही. लागतं ते साठा आधी हाताशी असणं, आणि घोडं तिथेच अडतं. आपल्या पट्ट्यात सरकारी औषध पाच वेगळ्या वाटांनी येतं. पिंपरीचं वायसीएम रुग्णालय आणि महापालिकेच्या इतर दवाखान्यांची खरेदी महापालिका करते. औंधचं जिल्हा रुग्णालय आणि चाकणचं ग्रामीण रुग्णालय राज्याच्या आरोग्य खात्याकडे. मोहननगरचं ईएसआय रुग्णालय विमा योजनेकडे. क्षयाच्या गोळ्या केंद्रीय कार्यक्रमातून. जनऔषधीचा माल केंद्राच्या संस्थेकडून, जिने गुरुग्राम, चेन्नई, बंगळूर, गुवाहाटी आणि सुरत इथे गोदामं उभी केली. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, पण कोणतं रुग्णालय कोणत्या खात्याचं हे रुग्णाला कसं कळावं? पाच ठिकाणचे साठे एकमेकांना दिसत नाहीत. एका स्टोअरमध्ये पाकिटांची मुदत संपत आलेली असते आणि पाच किलोमीटरवर त्याच औषधाला रुग्ण परत पाठवले जातात, असं होऊ द्यायची काहीच गरज नाही.

30 सप्टेंबर आणि 1 ऑक्टोबर 2023 च्या चोवीस तासांत नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात 24 रुग्ण दगावले, त्यांत 12 नवजात बाळं होती. औषधांची कमतरता नव्हती असं सरकारने सांगितलं. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्या दिवसांत औषध होतं की नव्हतं यावर राज्यभर वाद झाला, आणि मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं ते या वादानेच. चोवीस मृत्यूंनंतर जी गोष्ट वादाची ठरते, ती आदल्या दिवशी कुणालाही पाहता आली पाहिजे होती.

ताईंच्या गल्ल्याशेजारी एक दोनशे पानी वही असते. त्यात विक्री लिहिलेली नसते, ती संगणकावर आहे. या वहीत गिऱ्हाइकाने मागितलेलं आणि दुकानात नसलेलं औषध लिहायचं. तारीख, औषध, किती गोळ्या, आणि माणूस परत आला का. परत आला तर हिरव्या पेनाने टिक. पानंच्या पानं काळी आहेत, हिरवं मध्येच कुठेतरी.

नाना: हे कुणाला दाखवता?

ताई: अजून कुणी मागितलं नाही.

नाना: द्या मला. मी एकदा विचारतो महापालिकेत.

माझा निकाल सरळ आहे. औषध खरेदी प्राधिकरण, महापालिका, विमा योजना आणि जनऔषधी या सगळ्यांचं काम किती दुकानं उघडली यावरून मोजू नये. पन्नास अत्यावश्यक औषधांपैकी आज किती औषधांचा तीस दिवसांचा साठा हाताशी आहे, यावरून मोजावं, आणि तो आकडा प्रत्येक खिडकीबाहेर रोज सकाळी फलकावर लिहावा. संगणकात तो बहुतेक ठिकाणी आहेच, फक्त रुग्णाला दाखवायचा आहे.

तोवर वाचकांनी एवढं करावं. सरकारी दवाखान्यात किंवा ईएसआयच्या खिडकीवर औषध नाही म्हणून सांगितलं, तर नुसतं परत फिरू नका. केसपेपरवर औषधाचं नाव, 'उपलब्ध नाही' आणि तारीख लिहून मागा. नम्रपणे मागा, खिडकीतल्या माणसाचा त्यात दोष नसतो. नाही लिहून दिलं तर त्याच्यासमोर स्वतः लिहा. त्या कागदाचा फोटो काढून नगरसेवकाला, युनियनला, आमदाराला पाठवा आणि मूळ प्रत जपून ठेवा.